शस्त्रक्रियेनंतरचे लक्ष्यवजन कसे ठरवावे

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी भरून द्यायच्या फॉर्ममध्ये ‘अपेक्षित वजन’ असा एक रकाना असू शकतो. माझ्या फॉर्ममध्ये तो होता आणि मी क्षणभरही न थांबता त्यात ५८ हा आकडा लिहिला. तो कुठून आला असे कोणी विचारले असते, तर ‘विशीत कधीतरी काट्यावर पाहिला होता’ एवढेच उत्तर मला देता आले असते. त्या वेळी माझी उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ११८ किलो होते. बायपास (हृदयाची नव्हे; जठराची लहान पिशवी करून ती थेट आतड्याच्या पुढच्या भागाला जोडण्याची शस्त्रक्रिया) झाल्यानंतर सोळाव्या महिन्यात वजन ७९ किलोवर येऊन टेकले, रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी बंद केली, दोन मजले न थांबता चढता येऊ लागले. तरीही पुढचे जवळजवळ वर्षभर मी स्वतःकडे ‘अजून एकवीस किलो बाकी असलेली बाई’ म्हणूनच पाहत होते. शरीराने आपले काम चोख केले होते. रकान्यातला आकडाच बिनबुडाचा होता.

हे लेखन त्या रकान्यापुरते आहे. लक्ष्यवजन उंचीच्या तक्त्यातून उचलू नये, शस्त्रक्रियेच्या वेळच्या आपल्या वजनातून काढावे; ते एकाच आकड्यावर न रोखता पट्ट्याच्या स्वरूपात, म्हणजे ‘इतक्यापासून इतक्या किलोंपर्यंत’ असे ठेवावे; आणि ते दोनदा ठरवावे, एकदा शस्त्रक्रियेपूर्वी आणि पुन्हा साधारण दीड ते दोन वर्षांनी. खाली दिलेले गणित कोणालाही वहीत करता येते, पण ते केल्यावर वही घेऊन आपल्या सर्जनकडे आणि आहारतज्ज्ञाकडे जावे, कारण तुमच्या तब्येतीचा जो तपशील त्यांच्यापाशी आहे तो कोणत्याही सर्वसाधारण लेखात असू शकत नाही.

तक्त्यातला आकडा का घेऊ नये

वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची कल्पना अडॉल्फ केटले या बेल्जियन गणितज्ञाने १८३०च्या दशकात मांडली. त्यांना एखाद्या माणसाचे निदान करायचे नव्हते, ते लोकसमूहातला ‘सरासरी माणूस’ शोधत होते. या भागाकाराला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव १९७२ साली अँसेल कीज या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी दिले आणि पुढे ते बीएमआय म्हणून जगभर रूढ झाले. ‘आदर्श वजन’ या शब्दाचा उगम तर दवाखान्यातही नाही. मेट्रोपॉलिटन लाइफ या अमेरिकन विमा कंपनीने आपल्या विमाधारकांच्या मृत्यूच्या नोंदींवरून उंचीनिहाय वजनांचे तक्ते तयार केले, १९८३ साली ते सुधारले, आणि त्या तक्त्यांतील वजने बराच काळ शस्त्रक्रियेचे यश मोजण्यासाठी वापरली गेली.

हे तक्ते टाकाऊ आहेत असे मुळीच नाही. शस्त्रक्रिया करावी की नाही हे ठरवताना बीएमआय आजही पहिली चाळणी म्हणून वापरला जातो. मात्र शंभर किलोंच्या पुढे वर्षानुवर्षे वावरलेल्या शरीराने कोठे येऊन थांबावे, या प्रश्नासाठी ते तक्ते केलेलेच नव्हते. अशा शरीरात त्वचा जास्त असते, आणि रोज ते ओझे वाहिल्यामुळे स्नायूही तक्त्यातल्या माणसापेक्षा अधिक असतात. शिवाय वजन घटू लागले की शरीर कमी ऊर्जेत भागवायला शिकते आणि भुकेची ओढ वाढवते. शस्त्रक्रिया ही ओढ बरीच सैल करते, कारण ती केवळ जठराचा आकार लहान करत नाही, तर आतड्यांतून निघणाऱ्या भूक आणि तृप्तीच्या संप्रेरकांचे गणितही बदलते; पण ती ओढ समूळ नाहीशी होत नाही. म्हणूनच प्रत्येकाचे वजन उतरत उतरत कोठेतरी स्थिरावते, आणि ती जागा बहुतेकांच्या बाबतीत तक्त्याच्या बरीच वर असते.

गणित कसे मांडावे

आधी सुरुवातीचे वजन नक्की करावे. हे वाटते तितके सरळ नाही, कारण बहुतेकांपाशी तीन सुरुवाती असतात: आयुष्यातले सर्वाधिक वजन, पहिल्या भेटीत नोंदवलेले वजन, आणि यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून दिलेला आहार पाळल्यानंतर शस्त्रक्रियेच्या दिवशी भरलेले वजन. या तिन्हींत सहज आठ-दहा किलोंचा फरक पडू शकतो. तिन्ही आकडे वहीत तारखेसह लिहावेत, पण हिशेबासाठी शस्त्रक्रियेच्या लगतचे वजन घ्यावे, कारण खाली दिलेल्या सरासऱ्या त्याच्याच जवळच्या आहेत. एकदा घेतलेली सुरुवात मग बदलू नये. निकाल बरा दिसावा म्हणून मध्येच सर्वाधिक वजनाकडे सरकण्याचा मोह होतो. मला झाला होता.

त्यानंतर शस्त्रक्रियेचा प्रकार पाहावा. अमेरिकेतील अनेक आरोग्यसंस्थांच्या नोंदी एकत्र करून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या वर्षाच्या शेवटी एकूण वजनातील सरासरी घट बायपासनंतर सुमारे ३१ टक्के, स्लीव्हनंतर (जठराचा मोठा भाग काढून नळीसारखा भाग ठेवतात ती शस्त्रक्रिया) सुमारे २५ टक्के आणि गॅस्ट्रिक बँडनंतर (जठराच्या वरच्या भागाभोवती आवळणारे कडे बसवतात ती) सुमारे १४ टक्के होती. पाच वर्षांनी हेच आकडे अनुक्रमे साधारण साडेपंचवीस, १९ आणि १२ टक्क्यांवर आले होते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या आणि या विषयातील सर्वांत प्रदीर्घ अभ्यासांपैकी एक असलेल्या पाहणीतही बायपासच्या रुग्णांची घट पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांपर्यंत गेली आणि दहा वर्षांनी २५ टक्क्यांवर स्थिरावली. दोन वेगळ्या देशांतले आणि वेगळ्या काळातले आकडे इतके जवळ आले, हे मला फार दिलासा देणारे वाटते.

आता माझेच उदाहरण घेऊ. ११८ किलोंचे ३१ टक्के म्हणजे जवळपास साडेछत्तीस किलो; ते वजा केले की साधारण ८१ किलो उरतात. सरासरी म्हणजे मधला बिंदू, सर्वांचा मुक्काम नव्हे. म्हणून दोन्ही बाजूंना पाच-पाच टक्के सोडावेत. ही पाच टक्क्यांची सूट माझी व्यवहारातली सोय आहे, वैद्यकीय नियम नाही. तसे केल्यावर २६ टक्के घटीला ८७ किलो आणि ३६ टक्के घटीला साडेपंचाहत्तर किलो येतात. म्हणजे माझ्या पहिल्या लक्ष्याचा पट्टा ७५ ते ८७ किलो असायला हवा होता. मी ७९वर पोहोचले होते, सरासरीपेक्षा थोडे अधिकच उतरून. ५८ किलोंसाठी मला सुरुवातीच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग गमवावा लागला असता, आणि हे साधे भागाकाराचे उत्तर फॉर्म भरताना दोन मिनिटांत काढता आले असते. याच ठिकाणी माझी स्लीव्ह झाली असती तर मधला बिंदू साडेअठ्ठ्याऐंशी किलो आला असता आणि पट्टा सुमारे ८३ ते ९४ असा.

काही ठिकाणी निकाल एकूण वजनाच्या टक्क्यांत न सांगता ‘जादा वजनाच्या’ टक्क्यांत सांगतात, आणि बहुतेक गोंधळ येथेच होतो. जादा वजन म्हणजे सुरुवातीचे वजन वजा आदर्श वजन. आदर्श वजन हल्ली बहुधा बीएमआय २५ येईल ते धरतात. १६० सेंटिमीटर उंचीला ते ६४ किलो येते. माझे जादा वजन त्यामुळे ५४ किलो, त्यांतले ३९ गेले, म्हणजे ७२ टक्के. मात्र कोणी आदर्श म्हणून बीएमआय २३ धरला, तर तेच ३९ किलो एकदम ६६ टक्क्यांवर येतात; शरीरात काहीही बदललेले नसताना सहा टक्के गेले. याहून मोठी अडचण वेगळी आहे. याच उंचीच्या दोन व्यक्ती घ्या, एक १०० किलोंची आणि दुसरी १६० किलोंची, आणि दोघींचेही ३० टक्के वजन उतरले असे धरा. पहिली ७० किलोंवर येते आणि तिचे ८३ टक्के जादा वजन गेलेले दिसते. दुसरी तब्बल ४८ किलो गमावून ११२वर येते, पण तिच्या वाट्याला फक्त ५० टक्के येतात. ‘निम्मे जादा वजन गेले म्हणजे यश’ हा जुना निकष लावला, तर दुसरी व्यक्ती जेमतेम काठावर उत्तीर्ण होते. म्हणून डॉक्टरांनी टक्केवारी सांगितली की ‘एकूण वजनाची की जादा वजनाची?’ हे आधी विचारावे, आणि स्वतःच्या वहीत एकूण वजनाचीच टक्केवारी ठेवावी.

पट्टा मिळाल्यावर तो आपल्या परिस्थितीप्रमाणे थोडा वर किंवा खाली सरकवावा लागतो. वय जास्त असेल, बऱ्याच वर्षांचा मधुमेह असेल आणि विशेषतः इन्सुलिन चालू असेल, सांधेदुखीमुळे चालणे मर्यादित असेल, स्टेरॉइड किंवा मनोविकारांवरची काही औषधे सुरू असतील, किंवा ही आधीच्या शस्त्रक्रियेनंतरची दुसरी शस्त्रक्रिया असेल, तर पट्ट्याच्या वरच्या टोकाकडे नजर ठेवणे शहाणपणाचे. किती सरकवावे याचा सार्वत्रिक आकडा नाही. येथे सर्जनला एक नेमका प्रश्न विचारावा: माझ्यासारखे वय, सुरुवातीचे वजन आणि आजार असलेले तुमचे रुग्ण दोन वर्षांनी कोठे असतात? सर्वांत यशस्वी रुग्णाचे छायाचित्र दाखवले गेले, तर ते पाहावे आणि हाच प्रश्न पुन्हा विचारावा.

टप्पे आणि काटा

संपूर्ण पट्ट्याकडे पहिल्या दिवसापासून पाहत बसू नये. पहिला टप्पा सुरुवातीच्या वजनाच्या दहा टक्क्यांचा ठेवावा. माझ्या बाबतीत तो १०६ किलोंचा होता. शरीराला याचा खरोखरच उपयोग होतो, कारण पाच ते दहा टक्के वजन उतरले तरी रक्तदाब, रक्तातील साखर आणि झोपेतील श्वासाचा त्रास यांत सुधारणा दिसू लागते. दुसरा टप्पा पट्ट्याच्या वरच्या टोकाचा, आणि तिसरा पट्ट्याच्या आत कोठेही स्थिरावण्याचा. तिसऱ्यासाठी तारीख लिहू नये. वजन पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत वेगाने उतरते, मग वेग मंदावतो, आणि तळ बहुधा बारा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गाठला जातो.

आठवड्याला अमुक किलो असे लक्ष्य तर ठेवूच नये. पहिल्या काही दिवसांत शरीर आपला ग्लायकोजेनचा, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेचा, साठा वापरते आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बाहेर पडते, त्यामुळे काटा भराभर खाली येतो. पुढे शरीर पाणी पुन्हा धरू लागते आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास अनेकांचा काटा एकाच जागी अडतो. चरबी त्या काळातही कमी होतच असते. ज्याने ‘आठवड्याला दोन किलो’ असे लिहून ठेवले असेल त्याला मात्र आपली शस्त्रक्रियाच फसली असे वाटते, आणि घाबरून ठरलेल्या आहारात नको ती काटछाट सुरू होते.

वजन सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर आणि साधारण तेवढ्याच वजनाच्या कपड्यांत करावे. काटा कठीण, सपाट फरशीवर असावा. गालिच्यावर ठेवलेला काटा चुकीचे वजन दाखवू शकतो. रुग्णालयातला आणि घरचा काटा क्वचितच जुळतात, म्हणून तपासणीच्या दिवशी दोन्हींवर वजन करून फरक एकदाच नोंदवून ठेवावा. रोज वजन करायचे असेल तर आकडा लिहावा आणि सात दिवसांनी सरासरी काढून तेवढीच विचारात घ्यावी. माझ्या वहीतल्या एका आठवड्याच्या नोंदी अशा आहेत: ७९.४, ८०.६, ८०.१, ७९.०, ७९.३, ७८.८, ७९.७. दुसऱ्या दिवशी एका रात्रीत बाराशे ग्रॅम वाढल्याचे पाहून मी तो आकडा इतक्या जोराने लिहिला होता की पेनाची खूण मागच्या पानावर उमटली आहे. त्या आठवड्याची सरासरी ७९.६ येते, त्याआधीच्या आठवड्याची ७९.९ होती. म्हणजे ज्या आठवड्यात मी सर्वांत जास्त चिडले होते, त्यात वजन तीनशे ग्रॅम उतरलेच होते. एक-दीड किलोचे असे हेलकावे पाणी, मीठ, बद्धकोष्ठ आणि मासिक पाळी यांमुळे नेहमीच येतात. ज्यांना पूर्वी खाण्याशी निगडित मानसिक त्रास झालेला आहे, त्यांनी रोज काट्यावर उभे राहण्याआधी समुपदेशकाशी बोलावे. त्यांच्यासाठी पंधरा दिवसांतून एकदा केलेले वजन पुरेसे ठरू शकते.

काट्यावर न दिसणारा रकाना

वहीच्या पानावर वजनाच्या शेजारी दुसरा रकाना आखावा, आणि तो शस्त्रक्रियेपूर्वीच भरायला घ्यावा, नंतर नव्हे. कारण आपण किती त्रासात होतो हे माणूस आश्चर्यकारक वेगाने विसरतो.

या रकान्यात पहिली नोंद आजारांची. मधुमेह असल्यास लक्ष्य किलोंत लिहिण्यापेक्षा एचबीएवनसीच्या (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीच्या) आकड्यात लिहिणे जास्त अर्थपूर्ण आहे: मधुमेहाची औषधे बंद करून किमान तीन महिने झाल्यावरही तो ६.५ टक्क्यांच्या खाली असेल, तर त्याला आता ‘रेमिशन’, म्हणजे आजार मागे हटणे, म्हणतात. हे सर्वांना साध्य होते असे नाही. मधुमेह जितका जुना तितकी शक्यता कमी. गोळ्यांची संख्या, इन्सुलिनचे युनिट, झोपेत श्वासासाठी लावायच्या यंत्राचा दाब, हे सगळे आकडे याच पानावर लिहावेत. येथे एक सूचना ठामपणे करते. वजन उतरू लागल्यावर साखर आणि रक्तदाब फार लवकर खाली येऊ शकतात, म्हणून औषधे वेळेवर कमी करणे गरजेचे असते; पण ती डॉक्टरांनीच कमी करावीत. वजन ठरलेल्या टप्प्यावर आले म्हणून कोणतीही गोळी स्वतःहून थांबवू नये.

दुसरी नोंद कमरेच्या घेराची. टेप सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध धरावी, ती मागच्या बाजूने खाली घसरलेली नाही हे आरशात पाहावे, श्वास सहज सोडावा आणि मगच आकडा वाचावा. पोट आत ओढून घेतलेले माप कोणाच्याच उपयोगाचे नसते. घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा असा एक सोपा ठोकताळा सांगतात, त्याप्रमाणे माझा ८० सेंटिमीटरांच्या खाली हवा. तो नाही, आणि पोटाची सैल त्वचा पाहता तो तितका येईल असे मला वाटतही नाही. पण १२४वरून तो ९७वर आला. काटा अडलेला असतानाच्या दोन महिन्यांत त्यांतले चार सेंटिमीटर गेले, आणि टेप नसती तर ते मला कळलेही नसते.

तिसरी नोंद रोजच्या जगण्याची, आणि ती जितकी क्षुल्लक वाटेल तितकी चांगली. बुटाची नाडी श्वास न अडकता बांधता येणे, हात असलेल्या खुर्चीत निर्धास्तपणे बसता येणे, खाली बसल्यावर कोणाच्या आधाराशिवाय उठता येणे. गुडघेदुखी असलेल्यांसाठी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: शरीराचे वजन एक किलोने उतरले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. पहिल्या दहा टक्क्यांतच गुडघे बोलायचे का थांबतात, याचे उत्तर त्यात आहे.

खालची हद्द

लक्ष्यवजनाची चर्चा नेहमी ‘अजून किती उतरेल’ याभोवती फिरते, आणि ‘कोठे थांबायला हवे’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने घ्यायला सांगतात आणि ताकदीच्या व्यायामावर भर देतात, तो त्यासाठीच. पट्ट्याच्या खालच्या टोकाकडे जाण्यासाठी प्रथिने कमी करून चालणार असेल, तर ते टोक आपले नाही असे समजावे.

केस गळणे तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास अनेकांना होते. वेगाने वजन उतरल्याचा तो परिणाम असतो आणि बहुधा आपोआप ओसरतो. मात्र गळणे त्यानंतरही चालू राहिले, पायऱ्या चढताना मांड्या लटपटू लागल्या, सतत थंडी वाजू लागली, हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, किंवा लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि प्रथिनांच्या तपासण्या घसरू लागल्या, तर वजन किती हवे हा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे. उलट्या थांबत नसतील तर त्याच दिवशी जावे. अशा वेळी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) कमी पडून मज्जासंस्थेला कायमची इजा होऊ शकते. ‘उलट्यांमुळे वजन तरी उतरते आहे’ हे वाक्य मी प्रतीक्षाकक्षात स्वतःच्या कानांनी ऐकले आहे.

गर्भधारणेचा विचार असेल तर शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात, आणि गर्भारपणात लक्ष्यवजनाची वही बंद करून ठेवायची असते. सैल त्वचेविषयीही आधीच ठरवून टाकलेले बरे. ती काही किलोंची असू शकते आणि व्यायामाने जात नाही. ती काढण्याची शस्त्रक्रिया करायची असल्यास वजन काही महिने स्थिर राहिल्यावरच करतात. त्यामुळे तिचे किलो पहिल्या लक्ष्यात धरू नयेत. माझ्या मते ते कोणत्याच लक्ष्यात धरू नयेत, कारण कापून काढलेल्या त्वचेने रक्तदाब उतरत नाही. अर्थात घड्यांमध्ये वारंवार जखमा होत असतील, तर त्यासाठी ती शस्त्रक्रिया करणे ही निराळी आणि रास्त गोष्ट आहे.

दुसऱ्यांदा लक्ष्य ठरवताना

दीड ते दोन वर्षांनी, सलग तीन महिने मासिक सरासरी जवळपास सारखी येऊ लागली की जुने पान बंद करावे. आता वजन किती उतरवायचे हा प्रश्न संपतो आणि कोणत्या पट्ट्यात राहायचे हा सुरू होतो. या पट्ट्याचे खालचे टोक म्हणजे गाठलेला तळ. वरचे टोक ठरवताना वर दिलेले आकडे पुन्हा पाहावेत: पहिल्या आणि पाचव्या वर्षांच्या सरासऱ्यांत बायपास आणि स्लीव्ह दोन्हींसाठी सुरुवातीच्या वजनाच्या सुमारे सहा टक्क्यांचा फरक आहे. म्हणजे तळ गाठल्यानंतर काही किलो परत येणे हा अपवाद नसून सर्वसाधारण क्रम आहे, आणि जो पट्टा ते किलो हिशेबात धरत नाही तो पहिल्याच वर्षी मोडतो. ११८ किलोंचे सहा टक्के सात किलो होतात. मी थोडा कडक हिशेब करून सहाच किलो धरले आणि माझा पट्टा ७९ ते ८५ असा लिहिला. आज पाच वर्षांनंतर मी ८३-८४च्या आसपास असते, म्हणजे सुरुवातीपेक्षा सुमारे २९ टक्क्यांनी कमी. जुन्या ५८च्या हिशेबाने ही पंचवीस किलोंची तूट ठरली असती. नातेवाईक ‘आता थोडी भरलीस’ म्हणतात. त्यांना पट्टा समजावून सांगायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.

वरच्या टोकाच्या थोडी वर एक इशारारेषा आखावी. माझी ८७वर आहे. मासिक सरासरी सलग दोन महिने या रेषेच्या वर राहिली तर वाट पाहू नये आणि उपासही सुरू करू नये, थेट आपल्या वैद्यकीय चमूची वेळ घ्यावी. ती वाढ दर वेळी खाण्यातूनच येते असे नाही. नव्याने सुरू झालेले औषध, थायरॉइड, रजोनिवृत्ती, दुखापतीमुळे बंद पडलेले चालणे, नैराश्य, किंवा शस्त्रक्रियेच्या जागी झालेला बदल यांपैकी काहीही कारण असू शकते, आणि कारणानुसार उपाय बदलतो. काहींना भूक कमी करणारी औषधे दिली जातात, काहींना समुपदेशन पुरते, क्वचित पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार होतो. या भेटीला जाताना गेल्या सहा महिन्यांच्या मासिक सरासऱ्या, चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, ताजे रक्ताचे अहवाल आणि आठवडाभर प्रामाणिकपणे लिहिलेली खाण्याची नोंद बरोबर न्यावी. ‘मध्यंतरी जरा वाढले’ या वाक्यावर डॉक्टरांना फारसे काही करता येत नाही. ‘मार्चपासून दरमहा सातशे ग्रॅम, आणि फेब्रुवारीत ही गोळी सुरू झाली’ या वाक्यावर येते.